यंदा मीठ नाही

रोह्याजवळच्या अष्टमी गावात इंदुबाईंच्या घरी गणपतीला दुसऱ्या दिवशी सकाळी घाम फुटला.

पहिल्यांदा तो दिसला त्यांच्या सुनेला, नम्रताला. पूजेआधी कालचं निर्माल्य उचलायला ती मखरापाशी गेली आणि पाहते तर बाप्पाच्या कपाळावर, सोंडेवर, पोटाच्या उंचवट्यावर बारीक बारीक थेंब. बाहेर पावसाची रिपरिप होती, पण छत गळत नव्हतं. ते तिच्या नवऱ्याने, प्रविणने, गेल्या रविवारी शिडीवर चढून आणि डोक्यावर हेल्मेट घालून तपासलं होतं. प्रविण धाटावच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता आणि घरातही त्याच पदावर होता. नम्रताने पदराने एक थेंब टिपला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून पदराचं ते टोक जिभेला लावलं. थेंब खारट होता.

दुसरी कोणी असती तर तिने हंबरडा फोडला असता, नाहीतर लोटांगण घातलं असतं. पण नम्रता पेणजवळच्या खाडीकाठी, मिठागरात वाढलेली. तिने टोक पुन्हा एकदा जिभेला लावलं. घाम खारट असतो हे खरं, पण हा घाम नव्हता. हे मीठ होतं, आणि मीठ कोणत्या वाटेने देवाच्या अंगात गेलं असेल याचा तिला चांगलाच अंदाज आला. कारण ही मूर्ती तिच्या बापाने केली होती.

नम्रताचा बाप जगन हा जन्माचा मिठागरवाला. नम्रताचं लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात, रास उचलली की, तो मिठाचं एक पोतं एसटीच्या टपावर टाकून रोह्याला यायचा. पोतं ओटीवर ठेवायचं, कारण मीठ हातात दिलं की भांडण होतं. मग चहा घ्यायचा, लेकीचा चेहरा बघायचा आणि पुढच्या गाडीने परत. लेकीच्या घरी रात्र काढायची नाही हा त्याच्या घराण्याचा रिवाज, आणि तो त्याने इतका घट्ट धरला होता की एकदा कुंडलिकेला पूर आला तेव्हाही तो स्टँडवर झोपला, पण लेकीकडे राहिला नाही.

गेल्या साली उधाणात बांध फुटला, खाडी आत शिरली आणि मिठागर गेलं. मालकाने बांध पुन्हा घालायचं मनावर घेतलं नाही. जगनच्या मेव्हण्याचा, नाथाचा, हमरापूरला गणपतीचा कारखाना होता. ज्या वयात माणसं नव्या पोरांना शिकवतात त्या वयात जगन तिथे जाऊन शिकायला बसला. आणि आषाढात त्याने लेकीला फोन केला. "यंदा मीठ नाय गो बाय. यंदा तुला गणपती आनतो."

इंदुबाईंच्या घरचा गणपती इतकी वर्षं रोह्याच्या बाजारातून, ठरलेल्या दुकानातून यायचा. नम्रताने महिनाभर सासूच्या मागे लकडा लावला तेव्हा त्या कबूल झाल्या. "आणू दे व्याह्यांना," त्या म्हणाल्या, "पण नाक तेवढं नीट असू दे." जगनने पेणपासून रोह्यापर्यंत मूर्ती मांडीवर घेऊन आणली. कागद काढला तेव्हा इंदुबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या की डोळे चांगले झालेत. सात वर्षांत बापाच्या कुठल्याही गोष्टीला या घरात चांगलं म्हटलेलं नम्रताने ऐकलं नव्हतं. त्या रात्री तिला आनंदाने झोप आली नाही.

आणि आता हे. गणपती पाच दिवसांचा. रंगाखाली मीठ फुलत गेलं तर रंग सुटणार, आणि रंगाबरोबर एखाद्या कानाचा टवका उडाला तर भंगलेली मूर्ती म्हणून आळीभर बोभाटा होणार. मग जगनचं नाव या घरात कायमचं बुडालं. नम्रता मोबाईल घेऊन मागच्या दारी गेली.

"बाबा, मूर्तीत मीठ टाकलंत?"



"चिमूटभर टाकला," जगन म्हणाला. "पाऊस लय व्हता. पलास्टर धरत नव्हता. हितल्या बाया टाकतात घाई आसली की. लवकर धरतो."

"बाया टाकतात तेवढंच टाकलंत ना?"

"चिमूटभर, बाय. सांगितला ना."

"कोणाची चिमूट, बाबा?"

प्रश्न बरोबर जागी लागला होता. स्वयंपाकघरात चिमूट म्हणजे दोन बोटं आणि अंगठा. मूर्तीच्या कारखान्यात चिमूट म्हणजे फार तर चहाचा चमचा. पण जगनने उभा जन्म मीठ लांब दांड्याच्या फावड्याने ओढलं होतं आणि पाटीने वाहिलं होतं. त्याच्या लेखी मिठाचं सगळ्यात लहान माप म्हणजे ओंजळ, आणि तीही त्याने लेकीच्या गणपतीसाठी म्हणून हात आखडून, काठोकाठ न भरता टाकली होती.

"काय झाला काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. घाम येतोय."

"तुला?"

"गणपतीला."

"मी येतो," जगन म्हणाला. नम्रता येऊ नका, येऊ नका म्हणत राहिली, पण मिठागरावर माणसं ओरडून बोलतात आणि बोलणं झालं की पाठ फिरवतात. जगन फोनवरही तसाच वागायचा. फोन केव्हाच बंद झाला होता.

घरात कोणाला दिसायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. नम्रताने मऊ फडक्याने थेंब टिपले आणि टेबलफॅन मखराकडे तोंड करून लावला. उपाय लागू पडला. आरती झाली तरी बाप्पा कोरडा होता. सासूने आरतीचं ताट फिरवलं, कोणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि नम्रता निश्चिंत मनाने मोदकांचं सारण करायला गेली. परत येऊन बघते तर जिथे जिथे थेंब होते तिथे तिथे पांढरी लव उगवली होती. सोंडेवर, पोटावर, आशीर्वादाच्या हातावर. एका दिवसात बाप्पाला दाढीचे खुंट आले होते.

तिला स्वतःच्या मूर्खपणाचं हसू आलं आणि रडूही आलं. खारं पाणी, वर वारा, मग मागे राहतं ते मीठ. हे तिला पाटीपुस्तकाआधी समजलं होतं. आणि तीच मिठागराची पोर देवाच्या अंगावर पंखा लावून मीठ पिकवत बसली होती. तिने पंखा बंद केला. पावसाळी हवेत मीठ पाणी धरू लागलं आणि अर्ध्या तासात लव विरघळून पुन्हा घाम आला. म्हणजे आता घामाचा देव की खुंटाचा देव, एवढीच निवड तिच्या हातात होती. ती घामच बरा म्हणणार इतक्यात मागून आवाज आला.

"काय गो हे?"

इंदुबाई जपमाळ हातात घेऊन उभ्या होत्या. नम्रताने दमट हवा, दिव्यांची उष्णता, काय काय सांगून बघितलं. इंदुबाईंनी ऐकलं नाही. त्या पाटावर बसल्या आणि मूर्तीकडे बघून म्हणाल्या, "काय चुकलं गो माझं?"

नम्रता चपापली. या घरात चुकत असे ते नेहमी दुसऱ्याचं. दूध उतू गेलं तर गॅस कंपनीचं, गुडघा दुखला तर डॉक्टरचं, आणि उरलंसुरलं नम्रताचं. सासूबाई स्वतःची चूक शोधायला निघालेल्या तिने पहिल्यांदाच पाहिल्या, आणि तिला ते दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

तेवढ्यात शेजारची प्रणिता दर्शनाला आली. घामेजलेला बाप्पा बघून तिने आधी दोन्ही गालांवर मारून घेतलं आणि मग उभ्या उभ्या सांगून टाकलं, की इंदुमावशींच्या कुंपणावरची जास्वंद पहाटे तीच तोडून नेते, रोज नेते, कालही नेली, आणि तीच देवाला वाहिली.

"ते मला ठाऊक हाय," इंदुबाई म्हणाल्या. "त्यासाठी देव घाम गाळायचा नाय. मोठं काहीतरी हाय."

आपला गुन्हा इतका किरकोळ ठरल्याचं प्रणिताला जरा लागलं असावं. ती गेली आणि आळीत सांगती झाली. मग एकेक जण दर्शनाला येऊ लागला. जो येई तो मूर्तीकडे बघे आणि नंतर जमिनीकडे. कोणी म्हणे देवाला आळीची काळजी लागली, कोणी म्हणे रस्त्यावरच्या खड्ड्यांची. आपलंच काही चुकलं असेल असं मनात सगळ्यांच्या होतं, पण प्रणिताइतका धीर बाकी कोणाला झाला नाही.

प्रविण बाहेरून आला आणि गर्दी बघून थबकला. त्याने मूर्ती चारही बाजूंनी न्याहाळली, कोणीही हात लावू नका म्हणून सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवलं, आणि आतून हातमोजे आणि सेफ्टीचा चष्मा घेऊन आला. इंदुबाईंचा संताप अनावर झाला. देवाला मोजे घालून शिवतोस, तुला लाज कशी नाय, असं त्या म्हणाल्या. प्रविणने शांतपणे समजावलं की रंगात शिसं असू शकतं, आम्ल असू शकतं, काय आहे ते कळल्याशिवाय उघड्या हाताने शिवणं धोक्याचं. त्याने कापसाच्या काडीने सोंडेवरचे थोडे थेंब घेतले, एका बाटलीत घातले, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या हितेशकडे निघाला.

नम्रता दारापर्यंत मागे गेली. सणासुदीला कुठे चाललात, जेवून जा, असं काय काय म्हणून झालं. नवऱ्याला खरं सांगून टाकावं असंही तिच्या मनात आलं. पण प्रविणला धोका लपवता येत नसे. त्याला सांगितलं तर तो घराच्या दारावर सूचना लावील, आणि त्याखाली सासऱ्याचं नाव लिहील, हे ती पुरतं ओळखून होती. पावसात त्याची मोटारसायकल पुलाकडे गेली आणि ती परत फिरली.

दुपारी माणसं पांगली तेव्हा इंदुबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"सापडलं गो माझं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचं मीठ."

सासूला सगळं कळलं अशी नम्रताची खात्री झाली.

पण इंदुबाई निराळंच सांगू लागल्या. नम्रताचं लग्न झालं त्याच साली त्यांना थायरॉइड निघालं होतं. डॉक्टरांनी बजावलं की मीठ पाकिटातलं, आयोडीनचंच खायचं. व्याहीबुवा एवढ्या लांबून खांद्यावर पोतं आणतात, त्यांना हे कसं सांगायचं? म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातली बरणी त्या स्वतः पाकिटातल्या खडेमिठाने भरायच्या, आणि पोतं आलं की मागच्या पडवीत जायचं. तिथून मग ओंजळ ओंजळ काढून कधी मोरी घासायला, कधी अंगणातल्या शेवाळावर, पावसाळ्यात गोगलगायींवर, आणि बरंचसं नारळाच्या मुळाशी. तो नारळ आळीत सगळ्यात जास्त धरतो आणि लोक विचारतात काय खत घालता, तेव्हा त्या शेणखत म्हणून सांगतात.

"बापाने घाम गाळून पिकवलेलं मीठ मी मोरीत ओतलं गो," त्या म्हणाल्या. "आता त्यांच्याच हातच्या देवाला घाम आला. आणि काय सांगायला पायजे?"

नम्रताला आधी राग आला. सात वर्षं ती माहेरी सांगत होती की आमच्याकडे लोणचं तुमच्याच मिठाचं, आणि तिची आई ते शेजारपाजारी सांगत होती. जेवताना तिला कितीदा वाटलं होतं की या आमटीत आपल्या मिठागराच्या वाफ्यांचं काहीतरी आहे. ते काही नव्हतंच. पण समोर म्हातारी डोळे पुसत होती, आणि डॉक्टरचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता खरं सांगायची सोय उरली नव्हती. बापाने मूर्तीत मीठ टाकलं म्हणावं तर बाप उघडा पडतो. नाही म्हणावं तर सासू देवाच्या धाकाने पाणीपाणी होते. नम्रताने सासूच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प बसली. या गप्प बसण्याची तिला मनातून फार लाज वाटली.

जगन चारच्या सुमारास, छत्री असूनही भिजून आला. पिशवीत प्लास्टरची पुडी, ब्रश आणि रंगाच्या दोन डब्या होत्या. कोणी बघत नाही असं साधून ठाकठीक करावी आणि गाडी पकडावी असा त्याचा बेत होता. पण ओटीवर पाय ठेवतो तर विहीणबाई स्वतः पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पंचा दिला, चहा दिला, चहाबरोबर करंजी दिली आणि घरची माणसं कशी आहेत, पायाला आता बरं आहे का, असं एकेक विचारलं. सात वर्षांत झालं नव्हतं एवढं आगतस्वागत बघून जगन घाबरला. माणसं इतकी गोड वागतात ती काहीतरी फार वाईट सांगायच्या आधी, असा त्याचा अनुभव होता. देवाकडे बघायचा त्याला धीर होईना. तो चहाच्या कपात बघत राहिला.

नम्रताने त्याला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. त्याने मान हलवली, पण कशाला ते त्यालाही कळलं नसावं.

त्याच वेळी प्रविण आला. मागोमाग प्रणिता आणि आणखी दोघीतिघी आल्या, कारण बाटली घेऊन गेलेला माणूस परत येताना सगळ्या आळीने पाहिला होता.

"सोडियम क्लोराइड," प्रविणने जाहीर केलं.

"म्हणजे विषारी का रे?" इंदुबाईंनी विचारलं.

"म्हणजे मीठ."

लगेच प्रविणने मोबाईल काढला आणि हितेशने पाठवलेली माहिती वाचायला सुरुवात केली, कारण पदार्थ कळला की त्याची खबरदारी सांगायची हा त्याच्या नोकरीतला नियम होता. पदार्थ पेट घेत नाही. हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून हवाबंद आणि कोरड्या जागी ठेवावा. लोखंडाला गंज चढवतो. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावं. जखमेवर आणि भेगांवर झोंबतो, त्वचा कोरडी पडते. सतत संपर्क असल्यास हातमोजे आणि गमबूट वापरावेत.

सगळ्यांना वाटलं म्हातारा आता हसेल. सगळा जन्म ज्याने मिठात अनवाणी काढला, त्याला जावई मिठाची खबरदारी वाचून दाखवत होता. पण जगन कान देऊन ऐकत होता.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पायाला चिरा पडतात. हिवाल्यात रगत येतो. डोल्याला तर मिठाच्या चकाकीचा ताप लय." त्याने पंचाने पाय झाकून घेतले. "ह्या कुनी तवा वाचून दाखवला आस्ता तर बूट घातला आस्ता."

प्रविणने मोबाईल खिशात ठेवला.

इंदुबाई मात्र उठल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता, कारण त्यांना पाहिजे तो पुरावा थेट कंपनीतून आला होता. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि सांगितलं की व्याहीबुवांच्या मिठाचा त्यांनी अपमान केला, तो कसा कसा केला, आणि आज देवाने स्वतःच्या अंगातून मीठ काढून त्यांना ते दाखवून दिलं. प्रणिता रडू लागली. ओटीवरच्या बायकांनी हात जोडले, मूर्तीला आणि मग, थोडं घुटमळून, जगनला.

एवढं ऐकून गप्प बसला असता तर जगन त्या आळीत संत ठरला असता. नम्रता मनातल्या मनात त्याला विनवत होती, बसा, बाबा, काही बोलू नका. पण जगन उभा राहिला.

"इनबाय," तो म्हणाला, "देवाने नाय. मी टाकला."

आणि त्याने सगळं सांगितलं. पाऊस, न धरणारं प्लास्टर, बायांची चिमूट आणि त्याची चिमूट. नव्या धंद्यातलं त्याला अजून कळत नाही हेही सांगितलं. मीठ नाही म्हणून देव आणला, तर देवातही मीठच आलं. आपल्या हाताला दुसरं काही येतच नाही, असंही तो म्हणाला. नम्रताने डोळे मिटून घेतले.

इंदुबाई विचारात पडल्या.

"कारखान्यातल्या बाकीच्या मूर्तींत टाकलंत?" त्यांनी विचारलं.

"नाय. ही येकलीच मी वतली. बाकी नाथाच्या मानसांनी."

"म्हणजे येवढ्या मूर्ती सोडून आमच्याच मूर्तीत तुमची चिमूट मोठी झाली."

"व्हय."

"मग ती मोठी कोणी केली?"

जगनने जावयाकडे बघितलं. प्रविणने तोंड उघडलं.

"तू गप," इंदुबाई म्हणाल्या. "तुझी बाटली पण खरी हाय आणि माझं पण खरं हाय."

मग मूर्तीचं काय करायचं यावर सासरा आणि जावई मखरासमोर बसले, आणि त्यांचं चांगलं जमलं. प्रविणच्या मते हवा कोरडी ठेवायला हवी होती. जगनच्या मते कोरडी ओली, कोरडी ओली करण्यानेच रंग मरतो, मग फॅन नको आणि पुसणंही नको. अखेर असं ठरलं की खिडक्या लावून घ्यायच्या आणि देवाला त्याच्या मनासारखा घाम येऊ द्यायचा. एका कानाच्या कडेला रंग उचलला होता तो जगनने हलक्या हाताने दाबून वर ब्रश फिरवला. इंदुबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. इतक्या मूर्ती पाहिल्या, पण कष्ट करणारा देव हाच, असं त्या प्रणिताला म्हणाल्या आणि नम्रताने ते ऐकलं.

त्यानंतर त्या जगनला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. नुसतं तोंडाने सांगून त्यांचं समाधान झालं नव्हतं, त्यांना ते दाखवायचंही होतं. लाकडांच्या मागे तीन पोती होती. खालचं पाझरून पाझरून निम्मं झालं होतं, त्याच्या शेजारच्या लोखंडी कोयंड्याचा नुसता भुगा उरला होता आणि भिंतीचा गिलावा हातभर सुटला होता. वरची दोन मात्र दगडासारखी घट्ट, जशीच्या तशी. इंदुबाई एकेक नुकसान दाखवत अपराध्यासारख्या बोलत होत्या. जगनने वरच्या पोत्याच्या तोंडाशी बोटाने उकरलं. करड्या रंगाचे, मोठे, चौकोनी खडे तळहातावर आले.

"ह्या आपल्या वाफ्यांतला," तो म्हणाला.

नम्रताला तेव्हा उमगलं. मिठागरावर आता खाडीचं पाणी होतं. गेल्या सालची रास व्यापाऱ्याने उचलली होती आणि घरातलं मीठ तर दिवाळीतच संपलं होतं. त्या वाफ्यांचं मीठ आता जगात कुठे राहिलं असेल तर ते इथे होतं, आणि इथे होतं ते सासूने खाल्लं नाही म्हणून. तिच्या मनात दुपारपासूनचा जो राग होता तो कुठे गेला ते तिला कळलं नाही.

"वरीसभर पाकिटाचाच मीठ हाय घरात," जगन म्हणाला. "हिची आई म्हनतं, कालवनाला चवच नाय." मग तो थांबला. लेकीच्या दारात आजवर त्याने पाण्याखेरीज काही मागितलं नव्हतं. "इनबाय, यातला येक पोता मी नेऊ?"

इंदुबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग पडवीच्या दारातून बाहेर बघितलं. पाऊस थांबला होता आणि नारळाच्या झावळ्यांमागे अजून चांगलं ऊन होतं.

"नम्रता," त्यांनी हाक मारली, "दिवा लाव गो देवापाशी."

"आत्ता? अजून उजेड आहे, आई."

"लाव म्हणते ना."

नम्रताने आत जाऊन दिवा लावला. ती परत आली तेव्हा इंदुबाई पडवीच्या दारात आडव्या उभ्या होत्या.

"दिवे लागले," त्या जगनला म्हणाल्या. "लागल्या दिव्याला आमच्यात मीठ घराबाहेर जात नाय. लक्ष्मी जाते. आता सकाळी न्या."

जगनने ऊन बघितलं. दिवेलागणीला अजून तासभर अवकाश होता. पेणची गाडी सहाला होती, ती त्याला सहज मिळाली असती. पण मिठाची गोष्ट होती, आणि मिठाच्या बाबतीत रिवाज मोडायला त्याचं मन धजेना. लेकीच्या घरी राहायचं नाही हाही रिवाजच होता. दोन्ही रिवाज त्याने मनात तोलून बघितले असावेत, कारण तो पोत्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा होता. मग त्याने ओटीवर जाऊन दाराशी टेकवलेली छत्री उचलली आणि आत नेऊन खुंटीला लावली.

"भात वाढव गो," इंदुबाई सुनेला म्हणाल्या आणि पाट मांडायला गेल्या.

नम्रताने तांदूळ धुवायला घेतले आणि तिला रडू आलं, अगदी भरपूर. बाहेर ओटीवर जगन घरी फोन लावून, मिठागरावरच्यासारखा, ओरडून बोलत होता.

"आज येत नाय. हा, हितच ऱ्हातो." पलीकडून काहीतरी मोठ्याने विचारलं गेलं. "नाय गो, कुनी आजारी नाय. सांजचा मीठ बाहेर काढत नायत ही लोकां, मंग काय करू? सकाली घेऊन येतो." पुन्हा पलीकडून विचारणा झाली, कुठलं मीठ म्हणून असावी. जगनने पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"आपला," तो म्हणाला.